सुट्टीत पोर कुणाच्या हवाली?

मार्च संपत आला की कोल्हापुरात पेपर जाड होतो. बातम्या तेवढ्याच असतात, आतली पत्रकं वाढतात. सकाळी चहाबरोबर घडी उघडली की आधी मांडीवर पडतं ते उन्हाळी शिबिराचं रंगीत पत्रक. गॉगल घातलेला सूर्य, उड्या मारणारी गोरीपान मुलं आणि खाली यादी: अबॅकस, वेदिक गणित, हस्ताक्षर, झुंबा, लाठीकाठी, रोबोटिक्स, मातीकाम, श्लोकपठण, स्टेज डेअरिंग, गॅसविना स्वयंपाक. वयोगट ४ ते १४. कालावधी दहा दिवस, रोज दोन तास. अल्पोपाहार व प्रमाणपत्र दिले जाईल. प्रवेश मर्यादित.

ही पत्रकं एकावर एक ठेवून वाचली की एक गोष्ट नजरेत भरते. विषय ढीगभर असतात, पण शिकवणाऱ्याचं नाव बहुतेक पत्रकांवर नसतं. ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ एवढाच उल्लेख आणि एक मोबाईल नंबर. आपलं सहा वर्षांचं मूल आपण नेमकं कुणाच्या हवाली करणार आहोत, एवढंच त्या कागदावरून कळत नाही.

दिवाळी अंकात उन्हाळ्याच्या शिबिराचा विषय कशासाठी, असं कुणी म्हणेल. एक तर आता दिवाळीच्या सुट्टीतही शिबिरं भरू लागली आहेत. दुसरं म्हणजे मे महिन्याचा निर्णय एप्रिलमध्ये घाईघाईनं घेतला की तो पत्रकाच्या रंगावर घेतला जातो. त्याचा विचार आत्ता, फराळाच्या निवांतपणात केलेला बरा.

आजोळ आटलं, त्याची गोष्ट

एका पिढीमागं हा प्रश्नच नव्हता. परीक्षा संपली की पोरं एसटीत बसायची आणि कागल, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, नाहीतर सीमेपलीकडं निपाणी-संकेश्वरला आजोळी जायची. दिवसभर काय करायचं याचं वेळापत्रक नसायचं. करवंदं, काजू, आंबे, विहिरीत पोहणं, दुपारी माजघरात पत्ते, संध्याकाळी म्हशींमागं फिरणं. पोरावर नजर ठेवायला मामा, मामी, आजी, शेजारची काकू, गड्याची बायको अशी पाच-सात माणसं असत आणि त्यातलं प्रत्येक जण त्याला नावानं ओळखे.

आता मामा हिंजवडीला फ्लॅटमध्ये राहतो. आजीचे गुडघे गेलेत. इकडं आई बँकेत किंवा शाळेत, बाबा शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. ‘घरात असला की मोबाईल सोडत नाही’ हे वाक्य मेमध्ये प्रत्येक बिल्डिंगच्या जिन्यात ऐकू येतं. पोराला रोबोटिक्स यावं ही इच्छा असते, नाही असं नाही. पण घरातला खरा प्रश्न सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाचचा असतो. या वेळात मूल सांभाळायला माणूस हवा. तसं उघड म्हणायला आपल्याला अवघड वाटतं, म्हणून आपण ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणतो.

गंमत अशी, की आठ ते दहाच्या शिबिरानं हा प्रश्न सुटतच नाही. दहा वाजता पोराला आणायला कुणी जायचं, हा आणखी एक प्रश्न त्यातून उभा राहतो. घराला आठ तासांचा सांभाळ हवा असतो, बाजारात मिळतं ते दोन तासांचं कौशल्य. या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि आपल्याला कुठली आहे ते पत्रक उघडण्याआधी नवरा-बायकोनं एकमेकांशी खरं बोलून ठरवायला हवं. कौशल्य हवं असेल तर क्लास लावावा. सांभाळ हवा असेल तर पाळणाघर निवडताना विचारतो तेच प्रश्न विचारावेत.

शिबिरं निघाली कशासाठी

मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांचा इतिहास पाहिला तर सुरुवातीला सगळा भर सांभाळावरच दिसतो. अमेरिकेत कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकानं १८६१ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांना तंबूत राहायला नेलं. झुरिकचे धर्मोपदेशक वॉल्टर बिऑन यांनी १८७६ मध्ये शहरातली ६८ गरीब, अशक्त मुलं आपेनझेलच्या डोंगराळ भागात नेली. हेतू साधा होता: पोटभर खाणं, चांगली हवा आणि सोबत जबाबदार माणसं. युरोपभर पसरलेल्या मुलांच्या ‘सुट्टी वसाहती’ त्यातून निघाल्या. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन शिबिर केलं, तिथून स्काउट चळवळ उभी राहिली.

आपल्याकडं ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि शिबिर हा प्रकार मराठी घरांत शिरला. समूहगान, श्रमदान, खेळ, एका पंगतीत जेवण. जातपात न पाहता शेजारी झोपणं हाच त्या शिबिरांचा मोठा धडा होता. साने गुरुजींच्या पश्चात प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली, तिथं पोरांना नुसती गोष्ट ऐकायला बोलवत. या कशातच दहा दिवसांत दहा विषय उरकायची घाई नव्हती. मुलांना लक्षात राहिली ती गोष्ट सांगणारी, गाणी शिकवणारी माणसं.

वस्तादाच्या डोळ्यांपुढं

कोल्हापूरला तर असा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला वस्ताद म्हणतात. ‘पोरगं तालमीत घातलं’ असं इथं म्हणतात तेव्हा पोर कुस्ती शिकणार एवढाच अर्थ नसतो. त्याच्या खाण्यापिण्याची, झोपण्याउठण्याची, संगतीची काळजी वस्तादानं घ्यायची, असा तो अलिखित करार असतो. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर खासबाग मैदान बांधून घेतलं आणि १९१२ मध्ये ते पुरं झालं. गंगावेश, मोतीबाग या तालमींची नावं देशभर गेली ती तिथल्या वस्तादांमुळं.

कुस्ती लहानग्यांच्या आवाक्यातली नाही, पण मर्दानी खेळांच्या आखाड्यात सात-आठ वर्षांची मुलं आणि आता मुलीही सर्रास दिसतात. तिथली एक संध्याकाळ नीट बघण्यासारखी असते. नवीन पोराच्या हातात पहिल्या दिवशी काठी दिली, तरी फिरवू देत नाहीत. आधी पाय. डावा पुढं, उजवा मागं, गुडघ्यात वाक, नजर समोर. पोरं कंटाळतात, वस्ताद मात्र हलत नाही. मग प्रत्येकाला हात लांब करून काठी गोल फिरवायला लावतात आणि दोन वर्तुळं एकमेकांना शिवणार नाहीत इतक्या अंतरावर मुलं उभी करतात. कुणी अर्धं पाऊल सरकलं तरी वस्तादाचा आवाज येतो, तोही त्या पोराचं नाव घेऊनच. काठी, मग बोथाटी, फरीगदका, दांडपट्टा ही पायरी महिन्यांची, कधी वर्षांची. पत्रकातली ‘दहा दिवसांत लाठीकाठी’ यापुढं ठेवली की दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही.

तालीम म्हणजे स्वर्ग होता असंही नाही. मुलींना तिची दारं फार उशिरा उघडली. शिस्तीच्या नावाखाली मार होता, आणि आजच्या पालकानं तो मुळीच खपवून घेऊ नये. पण मुलांमागं किती माणसं हवीत आणि दोन मुलांत किती अंतर हवं, हे तालमीला कळत होतं. हॉलभर पोरं कोंबणाऱ्या शिबिरांना ते अजून शिकायचं आहे.

इथल्या पालकाच्या डोक्यात आणखी एक गोष्ट घोळत असते. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीचं विश्वविजेतेपद मिळवलं. वीरधवल खाडेनं त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत पोहण्यात कांस्यपदक आणलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं, तेव्हा सारा जिल्हा रस्त्यावर आला. ‘आमच्या पोरात काय आहे ते बघूया तरी’ म्हणून मग मे महिन्यात एका मुलाला तीन-तीन शिबिरं लावली जातात. दहा दिवसांत कुणाचा कल कळत नाही. फार तर दमणूक कळते.

सहा वर्षांच्या मुलाला काय हवं

नव्या शैक्षणिक धोरणानं, म्हणजे २०२० च्या धोरणानं, ३ ते ८ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून वेगळा काढला आणि त्यातलं शिकणं खेळातून व्हावं असं म्हटलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये खेळावर स्वतंत्र अहवाल काढला. लहान मुलांच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पालकांना खेळाची शिफारस करावी, अगदी औषधाच्या चिठ्ठीसारखी लिहून द्यावी, असं त्यात सांगितलं आहे. हा खेळ मुलानं स्वतः ठरवलेला असावा. शिट्टी वाजली की सुरू आणि शिट्टी वाजली की बंद, अशा कवायतीला त्यात जागा नाही.

हे कोल्हापूरला परक्या देशातून कळायची गरज नव्हती. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये इथं सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि मूल अनुभवातून, परिसरातून, स्वतःच्या प्रश्नांतून शिकतं हे वर्षानुवर्षं करून दाखवलं, लिहून ठेवलं. २०२० मध्ये त्या गेल्या. त्यांची पुस्तकं शिक्षकांच्या कपाटात असतात, शिबिर चालवणाऱ्यांनीही ती उघडायला हरकत नाही.

आणि आत्ता, या दिवसांत, प्रत्येक गल्लीत याचा पुरावा उभा आहे. दिवाळीचा किल्ला. पोरं माती कुठून आणतात, पोती कुणाच्या दुकानातून मागतात, पन्हाळ्याचा तीन दरवाजा कुठं बसवायचा यावर किती भांडतात, ते बघावं. बारा वर्षांचा दादा कारभारी असतो, सहा वर्षांची धाकटी अळीव पेरते आणि दर तासाला उगवलंय का ते बघते. मावळ्याचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावरून कट्टी होते आणि चकल्यांच्या वासावर बट्टी. नियोजन, हिशेब, इतिहास, वाटाघाटी सगळं तिथं आहे. मोठी माणसं हाकेच्या अंतरावर असतात, पण लुडबुड करत नाहीत. शिबिर बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा हेच शोधा: रोजच्या वेळेत मुलांना स्वतःच्या मनानं काही करायला मोकळा वेळ ठेवलाय का? दर वीस मिनिटांनी विषय बदलणाऱ्या वेळापत्रकात तो सापडणार नाही.

विचारायचे ते प्रश्न

पहिला प्रश्न माणसांचा. किती मुलांमागं किती मोठी माणसं? अमेरिकेतल्या शिबिरांच्या संघटनेचं प्रमाण असं आहे: दिवसाच्या शिबिरात ४-५ वर्षांच्या ६ मुलांमागं एक, ६ ते ८ वर्षांच्या ८ मुलांमागं एक, ९ ते १४ वर्षांच्या १० मुलांमागं एक. मुक्कामी शिबिरात ते आणखी घट्ट होतं, ६ ते ८ वर्षांच्या ६ मुलांमागं एक. आपल्याकडं एवढं मिळेलच असं नाही, पण मोजायला माप हाताशी असावं. पन्नास मुलं आणि दोन ताई असतील, तर त्या ताई कितीही गोड असल्या तरी तिथून परत फिरावं. कॉलेजात शिकणारी स्वयंसेवक मुलं मदतीला जरूर असावीत, मात्र मोजणीत त्यांना धरू नये.

दुसरा प्रश्न शौचालयाचा. हसू नका. सहा वर्षांच्या मुलाला शू लागली तर त्याच्याबरोबर कोण जातं, कडी आतून लावायची का, मुलींसाठी बाईमाणूस आहे का, हे विचारा आणि ती जागा स्वतः बघून या. लाजरी मुलं सांगत नाहीत, दोन-तीन तास धरून बसतात आणि मग ‘मला नाही जायचं शिबिराला’ म्हणतात. आपण त्यांना आळशी ठरवतो.

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ चा आहे. मुलावर असा अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं या कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची घटना ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आल्यावर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी यांचे आदेश दिले. सुट्टीत एखाद्या मंगल कार्यालयात किंवा बंगल्याच्या गच्चीवर भरणाऱ्या शिबिरात यातलं काय आहे, हे पालकानंच विचारायचं. एकट्या मोठ्या माणसाबरोबर एकटं मूल बंद खोलीत राहणार नाही, असा नियम आहे का? मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, याची यादी ठेवतात का? ‘काका घ्यायला आलेत’ एवढ्यावर पोराला सोडणारं शिबिर नको. मुलांचे फोटो संयोजकांच्या स्टेटसवर झळकणार असतील, तर तेही आधी विचारायला हवं. आणि घरात मुलाला १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पाढ्यासारखा पाठ असावा.

चौथा प्रश्न आजारपणाचा. दमा, फिट, शेंगदाण्याची ॲलर्जी अशी माहिती लेखी घेतात का? औषध कोण देतं? कुणाला लागलं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्यायला गाडी आहे, की रिक्षा शोधत फिरणार? अर्जात मुलाच्या छंदांसाठी चार ओळी आणि आजारासाठी एकही ओळ नसेल, तर संयोजकांनी या बाजूचा विचार केलेला नाही, असं खुशाल समजा.

पाणी, ऊन, वळीव

सुट्टीत पोहायला शिकणं ही कोल्हापूरची जुनी रीत. पाठीला हवाबंद डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचा आणि मामानं पोराला विहिरीत ढकलायचं. चार दिवसांत डबा सुटायचा, आठव्या दिवशी पोरगं मुटका मारायचं. ती पद्धत चालली कारण एका डब्यामागं एक मामा पाण्यात असायचा. आता अंबाई टँकसारख्या तलावांवर मेमध्ये पोरांची झुंबड उडते. पोहणं शिकवाच. शाळकरी वयात पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, ते गुपचूप खाली जातं. म्हणून तलावावर गेल्यावर एवढंच बघा, काठावरचा जीवरक्षक पाण्याकडं बघतोय की मोबाईलकडं. नवशिक्यांचा उथळ भाग वेगळा आहे का आणि त्यांच्याबरोबर कुणी पाण्यात उतरतं का, तेही बघा. नुसतं काठावरून ‘हात मार, पाय मार’ करणाऱ्याकडं सहा वर्षांचं पोर सोपवू नये.

कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भाएवढा भाजत नाही, तरी अकरा ते चार मैदानावर मुलं नकोत. आणि दुपार कलली की वळीव येतो. वारा, विजा, क्षणात अंधार. पत्र्याच्या शेडखाली किंवा एकट्या झाडाखाली मुलं उभी करणारे संयोजक असतात. मैदानावरच्या शिबिराला जवळ पक्की इमारत हवीच.

पन्हाळा, राधानगरी, दाजीपूरच्या मुक्कामी शिबिरांची हौस मोठी असते. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला एकटं मुक्कामाला पाठवायची घाई करू नये. आधी मावशीकडं दोन रात्री काढू द्या. मोठ्याला पाठवणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा, की राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी बंधनकारक केली. दोरावरून उतरणं, दरी ओलांडणं असं काही असेल तर नोंदणीचा कागद मागा. विंचू-साप चावला तर प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं, हे ज्या संयोजकाला तोंडपाठ आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

फी न भरताही

शिबिराची फी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते आणि सगळ्यांना ती झेपत नाही. झेपलीच पाहिजे असंही नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, रोमन काळातली छोटी ब्राँझची मूर्ती आहे. समुद्र नसलेल्या कोल्हापुरात समुद्राचा देव कसा पोचला, हा प्रश्न एका पोराला आठवडाभर पुरतो. ‘चिल्लर पार्टी’ ही चळवळ शाहू स्मारक भवनात मुलांना विनाशुल्क चांगले सिनेमे दाखवत आली आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे. वाडी-वस्तीतले मर्दानी खेळांचे आखाडे नाममात्र पैशात किंवा फुकट शिकवतात.

आणि सांभाळाचा प्रश्न उरतोच, त्यावर एक जुना उपाय आहे: वार लावणे. एका अपार्टमेंटमधली सहा घरं एकत्र आली आणि प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसानं आठवड्यातला एक दिवस रजा, सुट्टी किंवा घरून काम करून मुलांना दिला, तर सोमवार ते शनिवार निघतो. एका दिवशी भेळ, एका दिवशी रंकाळ्यावर चक्कर, एका दिवशी नुसता धुडगूस. प्रमाणपत्र मिळणार नाही, पण सांभाळणारं प्रत्येक माणूस मुलाच्या ओळखीचं असेल.

हे सगळं झालं घरापुरतं. एक मागणी मात्र शहराकडं करायला हवी. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. मूल ही एकट्या घराची जबाबदारी नाही, हे या गावानं शंभर वर्षांपूर्वी मान्य केलं होतं. तरीही मे महिन्यात महापालिकेच्या शाळांना कुलूप असतं आणि त्यांची मैदानं, खोल्या, नळ, शौचालयं वापराविना पडून राहतात, तर धुणीभांडी करणाऱ्या आईची पोरं दिवसभर रस्त्यावर असतात. प्रत्येक प्रभागातली एक शाळा सुट्टीत नऊ ते सहा उघडी ठेवा, पडताळणी झालेली, मानधन घेणारी माणसं नेमा, खिचडी द्या आणि मुलांना खेळू द्या. यासाठी वेगळी इमारत बांधावी लागणार नाही.

तोवर पालकांनी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शिकवणाऱ्यांची नावं, मुलांमागं माणसांची संख्या आणि मुलाला न्यायला येणाऱ्यांची नोंद ठेवण्याची हमी. जो संयोजक हे हसतमुखानं लिहून देईल, त्याच्याकडं पोर पाठवा. टाळाटाळ करील, त्याला फी देऊ नका.